खिडकीकडची रांग

कोल्हापूर,
९ मार्च १९७५

प्रिय पद्मजा,

तुला आणि तुझ्या चिमणीला पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र मिळून आठवडा झाला. रोज उत्तर लिहायचं म्हणून कागद घेऊन बसते आणि मग भाजी निवडायला उठते. मी खुशाल आहे असं लिहिलं तर तू चिडशील, खुशाल नाही असं लिहिलं तर रडशील, आणि ओल्या बाळंतिणीनं रडू नये. म्हणून एवढंच लिहिते की मी जेवते, झोपते, सकाळी दार उघडते आणि संध्याकाळी लावते. शेजारच्या चिमणाबाई दिवसातून एकदा येतात आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण काढून बघतात. काही शिजलेलं दिसलं की माझ्याशी बोलायची गरजच उरत नाही त्यांना. बाबांना जाऊन दोन महिने होत आले, आणि मला अजून रडू आलेलं नाही. दाढ काढण्याआधी डॉक्टर टोचतात ना, मग गाल हाताला लागतो पण आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालंय. भेटायला आलेल्या बायका माझ्याकडे बघत बसायच्या, मी रडले की मग त्याही मोकळ्या होणार. मी चहा टाकायला उठायचे.

तू सरळ विचारलंस ते बरं केलंस. माईवन्संनी गारगोटीला परत गेल्यावर तुला लिहिलं, की तुझ्या आईनं सुतकात उंबरा ओलांडला, नवऱ्याच्या ऑफिसात गेली आणि त्याच्या नावानं लावलेला दिवा चारचौघांत स्वतःच्या हातानं घालवला. खरं आहे. त्यांनी एक अक्षर वाढवून लिहिलेलं नाही. त्या सख्ख्या भावाला गमावून बसल्या होत्या, त्यांना राग येणारच. पण मी तसं का केलं हे त्यांना सांगायचा मी प्रयत्नसुद्धा केला नाही, कारण ते सांगायचं तर बाबांच्या ऑफिसातली सगळी खटपट आधी सांगावी लागली असती. तू लग्न होऊन भिलाईला गेलीस तेव्हा ती नुकतीच सुरू होत होती, म्हणून तुलाही ती अर्धवटच ठाऊक असणार.

बाबांचा स्वभाव तुला सांगायला नको. घरात कुठल्याही खोलीतून माणूस उठलं की मागून हे जाऊन बटण वर करणार. तू अकरावीला असताना तुझं टेबल त्यांनी किती वेळा हलवलं आठव. उजेड डाव्या खांद्यावरून आला पाहिजे, नाहीतर लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडते, हे तू झोपेतही म्हणून दाखवायचीस. चिक्कूपणा नव्हता तो. अख्खा जन्म विजेचं काम केलेल्या माणसाला ती वाया गेलेली बघवत नाही, इतकंच. भरदिवसा कुठं दिवा दिसला की जेवताना खडा लागावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

बाबांच्या सहकारी संघाचं शाहूपुरीतलं ऑफिस तुझ्या डोळ्यांसमोर असेलच. तीन मजली, आणि प्रत्येक मजल्यावर लांबलचक हॉल. सकाळी शिपाई आला की खटका खाली ओढायचा, आणि हॉलमधल्या सगळ्या ट्यूब एकदम लागायच्या त्या ऑफिस सुटेपर्यंत. तिसऱ्या मजल्याला उत्तरेकडून ओळीनं मोठाल्या खिडक्या, पण खिडक्यांना पाठ लावून लोखंडी कपाटं उभी, कपाटांवर फायलींचे गठ्ठे, आणि वरच्या काचांना कुणीतरी कधीकाळी चिकटवलेला खाकी कागद. बाहेर लख्ख ऊन आणि आत माणसं ट्यूबखाली डोळे बारीक करून बसलेली. त्यात दोन-तीन वर्षांपासून ही वीजकपात. वीज गेली की सगळं ऑफिस हाताची घडी घालून गप्पा मारत बसायचं. बाबा म्हणायचे, उजेड दारात येऊन उभा आहे आणि हे त्याला आत घेत नाहीत.

मग संघानं हायवेच्या बाजूला नवी मोठी इमारत बांधायचं ठरवलं. चेअरमनसाहेबांच्या मनात मुंबईला पाहिलेली इमारत भरली होती, न उघडणाऱ्या काळ्या काचा, आत गार हवेची यंत्रं आणि बारा महिने ट्यूब. बाबांनी विरोध केला. तुला माहीत आहे ते मोठ्यानं कधी बोलत नाहीत, पण चिकटपणात कुणाला ऐकायचे नाहीत. शेवटी चेअरमन कंटाळून म्हणाले, की तिसऱ्या मजल्यावर तुमचं काय ते करून दाखवा, वेगळा मीटर बसवा, आणि जानेवारीचं रीडिंग आधीच्या निम्म्यावर आलं तर नवी इमारत तुमच्या म्हणण्याप्रमाणे बांधू. नाही आलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. बाबांना निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती. आयुष्यभर लोकांनी आखलेल्या इमारतींत ते तारा ओढत आले, आणि ही एक इमारत उजेडाचा विचार आधी करून उभी राहावी एवढंच त्यांना हवं होतं. घरी दुसरा विषय नसायचा. आमटीत मीठ नाही हेसुद्धा त्यांच्या लक्षात येत नव्हतं, म्हणजे बघ.

त्यांनी कपाटं आतल्या भिंतीला हलवली, काचा घासून घेतल्या, छताला पांढराशुभ्र रंग दिला. ट्यूबच्या तीन रांगा खिडक्यांना समांतर बसवल्या आणि प्रत्येक रांगेचं बटण वेगळं केलं. खिडकीकडची रांग दिवसा बंदच. आतली, भिंतीकडची, चालू. मधल्या रांगेसाठी त्यांनी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या कारखानदाराला गाठून एक पेटी करून घेतली. तिला पुढं काचेचा वाटोळा डोळा होता. बाहेर ढग आले की मधली रांग आपोआप लागायची, ऊन पडलं की टक् आवाज करून बंद व्हायची. ऑफिसनं तिचं नाव ‘डोळा’च ठेवलं. त्यांच्या हाताखालचे कृष्णात पोवार आधी तिच्यावर रोज डब्याचं झाकण टेकवायचे, दिवे लागले की सगळा हॉल हसायचा, आणि बाबाही हसून झाकण काढून त्यांच्या हातात द्यायचे. पुढं त्याच कृष्णातांनी डोळ्याची काच पुसायचं काम स्वतःकडे घेतलं.

खरी पंचाईत झाली ती टेबलांची. सगळे पश्चिमेकडे तोंड करून बसायचे, म्हणजे खिडक्या उजव्या हाताला आणि हाताची सावली कागदावर. टेबलं फिरवा म्हटल्यावर कुणी हलेना. समोरच्या भिंतीवर अंबाबाईची तसबीर होती, रोज उदबत्ती लागायची, शुक्रवारी हार. देवीला पाठ करून दिवसभर बसायचं? टायपिस्ट झुंबरबाईंनी तर सांगून टाकलं की नोकरी गेली तरी चालेल. तसबीर हलवायची म्हटली तर देवीची दिशा कशी बदलायची, आणि खिळा कुणी ठोकायचा? बाबा घरी येऊन मला म्हणाले, आता देवीलाच विचारावं लागणार. मी म्हटलं, त्यात विचारायचं काय, देवळात आई पश्चिमेलाच बघते की. ते हातातला घास ताटात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. शुक्रवारी नारळ फोडून तसबीर पूर्वेच्या भिंतीवर गेली, खिळा बाबांनी स्वतः ठोकला, आणि सोमवारी सगळा हॉल उलटा फिरून बसला. माझ्या हातून त्यांच्या कामाला एवढीच काय ती मदत झाली असेल.

जानेवारी सुरू झाला तसे ते रोज संध्याकाळी मीटर बघून यायचे आणि चपला काढता काढता मला आकडा सांगायचे. निम्म्याच्याही खाली चाललं होतं. आणि संक्रांतीच्या आधी, दुपारी चहाच्या वेळेला, खिडकीकडच्या रांगेतल्या आपल्या टेबलावर डोकं टेकून ते गेले. झुंबरबाईंना वाटलं डुलकी लागली असेल. हृदयाचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. तुला तारेत एवढंच कळवलं होतं, कारण एवढंच होतं. ते आजारी नव्हते, काही बोलले नाहीत, कुणाचा हात धरला नाही. तुझी प्रसूती होऊन आठवडाही झाला नव्हता, तुला तिकडून कुणी निघू देणं शक्यच नव्हतं. त्यात तू वाईट वाटून घेऊ नकोस.

पन्हाळ्याहून नृसिंह आला, पुतण्याच्या नात्यानं त्यानं सगळं केलं. मधल्या घरात, जिथं त्यांना ठेवलं होतं तिथं, तेलाचा दिवा लावला आणि माईवन्सं त्याच्याजवळ बसून राहिल्या. तेल घालायच्या, वात पुढं सारायच्या. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. दहावं व्हायचं होतं तेव्हा कृष्णात बाबांचा डबा, कोट आणि चष्मा घेऊन आले. आत आले नाहीत, कट्ट्यावरच बसले. मी दारात उभी होते. डबा माझ्यापुढं सरकवत ते म्हणाले, “साहेबांचा दिवा आमी इझू दिलेला न्हाई, वैनी.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी म्हातारा महालिंग शिपाई बाबांच्या टेबलापाशी आला. माणूस जिथं गेलं तिथं दिवा हवा, पण फायलींच्या ऑफिसात तेलाचा दिवा कसा ठेवणार, म्हणून त्यानं वरची ट्यूब लावली आणि हात जोडले. एकटी ट्यूब लागत नाही, पूर्ण रांग लागते. ती रांग तेव्हापासून रात्रंदिवस चालू होती. रात्रीच्या पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं, बटणावर कागद चिकटवला होता, आणि वीज गेली की महालिंग ती येईपर्यंत टेबलाजवळ उदबत्ती लावून उभा राहायचा. तेरावा होईपर्यंत बंद करायची नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. सांगताना कृष्णातांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात फक्त मीटर फिरत होता. बाबांनी मला इतके वेळा समजावलं होतं की मला ते गणित पाठ झालं होतं. एक रांग दिवसरात्र जळाली म्हणजे तिन्ही रांगा ऑफिसच्या वेळात जळाल्यासारखंच. म्हणजे ते गेल्यापासून रोज, काही केलंच नसतं तर जेवढी वीज गेली असती तेवढी जात होती, वर आतल्या रांगेची वेगळी. जानेवारी अजून संपायचा होता. तेराव्यापर्यंत ती रांग जळाली तर रीडिंग हातचं जाणार आणि हायवेवर काळ्या काचा उभ्या राहणार. कृष्णात हे जाणत नव्हते असं नाही, रोज तेच काम करणारा माणूस. पण त्या दिवसांत त्यांना मीटर आठवला नाही, आणि मला दुसरं काही आठवलं नाही. दोघांत बरं कोण, मला ठरवता येत नाही.

मी आत जाऊन लुगडं बदललं. माईवन्सं दारात आडव्या उभ्या राहिल्या. आजवर त्या मला कधी अगं म्हणून टाकून बोलल्या नव्हत्या, त्या दिवशी बोलल्या. मी म्हटलं, जाऊन येते, घरातल्या दिव्याकडे तुम्ही आहातच. कृष्णातांनी रिक्षा आणली. तिसरा मजला चढताना जिन्यात माणसं बाजूला होत होती. हॉलमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते, पण सगळं ओळखीचं होतं, डोळ्याची पेटी कुठं असेल हेसुद्धा. सगळीकडे स्वच्छ, शांत उजेड पडलेला, आणि त्या उजेडात खिडकीला लागून ती एक रांग जळत होती. बाबांच्या टेबलावर त्यांचा फोटो आणि झेंडूचा हार. माणसं उभी राहिली. मी बटणाजवळ गेले तसा महालिंग पुढं आला. “वैनी, साहेबांचा दिवा हाय त्यो. तेरावा तरी हुं द्या की. तुमी कशाला हात लावताय?”

मी म्हटलं, “त्यांचा आहे म्हणूनच.” कागद काढला आणि बटण वर केलं.

पद्मजा, काहीच झालं नाही. हॉलमध्ये अंधार पडला नाही, सावली पडली नाही, फोटोवरचा हारसुद्धा तसाच्या तसा दिसत होता. सगळ्यांनी एकदम वर बघितलं, मग आपापल्या टेबलावरच्या कागदाकडे बघितलं. ट्यूब गेली आहे हे वर पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. तीन वर्षं ते हेच सांगत होते. कुणीतरी हुंदका दिला, बहुतेक झुंबरबाई. महालिंगानं डोक्याची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. मला तेव्हाही काही वाटलं नाही. मी त्याला म्हटलं, तुम्ही केलंत ते मी विसरणार नाही. मग खाली उतरून घरी आले आणि आंघोळ केली. माईवन्सं तेरावा होईपर्यंत राहिल्या, पण माझ्याशी बोलल्या नाहीत.

जानेवारीचं रीडिंग निम्म्याच्या वरच आलं, फार नाही, पण वर. चेअरमन मीटिंगमध्ये म्हणाले, विषय संपला. तेव्हा कृष्णात उभे राहिले आणि ती रांग का जळत होती ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि म्हणाले की फेब्रुवारीचं रीडिंग बघा, नाहीतर आम्हाला सगळ्यांना नव्या इमारतीत न्यायचंच कशाला. चेअरमन तापट आहेत, पण वाईट माणूस नाही. त्यांनी फेब्रुवारी मान्य केला. गेल्या सोमवारी त्याचं रीडिंग निघालं, निम्म्याच्या बरंच खाली. नवी इमारत उत्तरेकडून खिडक्यांचीच होणार, रांगा वेगळ्या, प्रत्येक मजल्यावर एकेक डोळा. कृष्णात पेढे घेऊन आले. चेअरमनसाहेबांनी मला निरोप धाडला होता की नव्या हॉलमध्ये साहेबांचा मोठा फोटो लावू आणि त्यावर कायम जळणारा तांबडा बल्ब ठेवू. मी कृष्णातांना म्हटलं, फोटो खिडकीजवळ लावा म्हणावं, बल्ब राहू दे. तेव्हा आम्ही दोघं हसलो. ते गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले असेन. पेढा फोटोपुढं ठेवला, आणि मग परत गालाला टोचल्यासारखं सगळं बधिर.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. हे मी माईवन्संना बोललेले नाही, चिमणाबाईंनाही नाही. त्या दिवशी सकाळी बाबा मागच्या सोप्यात, न्हाणीपाशी, आरशापुढं दाढी करून ऑफिसला गेले आणि तिथला दिवा तसाच चालू ठेवून गेले. आपल्या संसारात असं पहिल्यांदाच झालं. त्यांना बरं वाटत नसणार हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, मला उलट आनंद झाला. म्हटलं, आज सापडले. बटणापर्यंत गेलेला हात मी मुद्दाम मागं घेतला. संध्याकाळी आले की मनगट धरून सोप्यात न्यायचं आणि विचारायचं, हे काय, इंजिनियरसाहेब? तो दिवा अजून चालू आहे. भरदिवसा, उन्हात चालू असतो. वीज गेली की जातो, आली की कुणी हात न लावता लागतो, आणि तेवढ्यापुरतं माझ्या छातीत काहीतरी हलतं, मग परत काही नाही. ऑफिसातली रांग मी बंद केली, पण हे एक बटण माझ्यानं होत नाही गं. रोज त्याच्यापाशी जाते आणि परत येते. बल्बच्या काचेला आता काळं धरलंय, कधीतरी तो आपला आपण जाईल, आणि तो तसा गेलेला मला नको आहे. चिमणीला प्रवास सोसेल असं डॉक्टर म्हणाले की निघ. आलीस की आधी हातपाय धुवायला मागं जाशील, तेव्हा मला न विचारता, मला हाक न मारता, तेवढा दिवा बंद कर.

वाट बघणारी, तुझीच,
आई